काळोख किती ठेवायचा : ‘द गॉडफादर’च्या डिस्क-आवृत्त्यांवरच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

काम ठरलं. फिल्म सोसायटीच्या सभासदांसाठी एक छोटी पुस्तिका आणि तिच्या जोडीला एका संध्याकाळचं प्रात्यक्षिक. विषय एकच : फ्रान्सिस फोर्ड कपोलाचा ‘द गॉडफादर’ (१९७२) घरी पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा बाजारात आला, तेव्हा दर खेपेला चित्रपटात नेमकं काय बदललं. तीन आवृत्त्या मुख्य धरल्या आहेत. २००१ची डीव्हीडी, २००८ची ब्लू-रे आणि २०२२ची ४के (ब्लू-रेच्या चौपट ठिपक्यांचं चित्र देणारी) डिस्क. त्याआधीच्या कॅसेटींचा उल्लेख करू, पण त्यांत फार अडकायचं नाही.

हाच चित्रपट का, असं बैठकीत विचारलं गेलं. कीर्ती हे कारण नाही. छायालेखक गॉर्डन विलिसने तो इतक्या काळोखात चित्रित केलाय की डिस्क तयार करायला बसणाऱ्या प्रत्येकाला आधी ठरवावं लागतं, हा काळोख आहे तसा ठेवायचा की थोडा उजळ करायचा. इतर चित्रपटांत हा प्रश्न एखाद-दुसऱ्या दृश्यापुरता असतो, इथे पहिल्या चौकटीपासून आहे. माझं मत आधीच नोंदवून ठेवतो : हा काळोख म्हणजे दिग्दर्शक आणि छायालेखकाने जाणीवपूर्वक केलेलं काम आहे, आणि कुठलीही आवृत्ती चांगली की वाईट हे तिने त्या कामाचा मान किती राखला यावर ठरवावं. तपासणीत याच्या उलट काही हाती लागलं तर तेही लिहीन.

८ जानेवारी

पुस्तिकेचा पहिला भाग लिहायला घेतला. सुरुवात सुरुवातीच्याच दृश्यापासून.

पडद्यावर गडद काळं. त्यातून अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या बोनासेराचा चेहरा. तो बोलत राहतो आणि चित्र फार हळू मागे सरकत जातं. भिंग किती वेगाने मागे न्यायचं हे संगणकाने नियंत्रित केलेलं होतं. जवळपास तीन मिनिटं ही एकच हालचाल. शेवटी चौकटीच्या कडेला एक खांदा येतो, एक हात येतो, आणि तोवर आपण कोणाच्या खोलीत आहोत ते कळलेलं असतं. डॉनचा, म्हणजे या गुन्हेगारी कुटुंबाच्या प्रमुखाचा, चेहरा नंतर दिसतो. तेव्हाही डोळे नीट दिसत नाहीत.

हे डोळे न दिसणं महत्त्वाचं आहे. डॉनचं काम करणाऱ्या मार्लन ब्रँडोला म्हातारा करण्यासाठी डिक स्मिथने रंगभूषा केली होती आणि ती रंगभूषा वरून पडणाऱ्या उजेडात सर्वांत खरी वाटत होती. विलिसने दिवे डोक्यावर लावले. खोबणींत सावली पडली. नटाचे डोळे दिसलेच पाहिजेत हा हॉलिवूडचा पक्का नियम, त्यामुळे स्टुडिओत कुरबुर झाली. विलिस बधला नाही. हा माणूस काय विचार करतोय ते समोरच्याला कळू नये, हे त्या सावलीने साधलं. पुढे छायालेखक कॉनराड हॉलने विलिसला ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं.

या खोलीतून कट होतो तो थेट बागेतल्या लग्नावर. भर ऊन, पांढरे कपडे, गाणी, केक, पोरंटोरं. मग पुन्हा आत, पुन्हा बाहेर. आत धंदा, बाहेर कुटुंब. ही दोन जगं एकमेकांपासून किती लांब आहेत हे संवादांत कुठेही येत नाही, उजेडाच्या फरकातूनच कळतं. डिस्क बनवणाऱ्याने खोली थोडी उजळ केली आणि बाग थोडी मऊ केली, तर गोष्ट तीच राहील पण हे अंतर बुजेल. तिन्ही आवृत्त्या तपासताना पहिली कसोटी हीच.

१२ जानेवारी

मूळ निगेटिव्हचा इतिहास. पुस्तिकेतलं सर्वांत लांब प्रकरण हेच होणार, आणि व्हावं.

काळजीपूर्वक वागायचं तर कॅमेऱ्यातून निघालेली मूळ निगेटिव्ह फारशी वापरतच नाहीत. तिच्यावरून इंटरपॉझिटिव्ह (मधली सुलटी नक्कल), त्यावरून दुय्यम निगेटिव्ह, आणि थिएटरच्या प्रती त्या दुय्यम निगेटिव्हवरून. ‘गॉडफादर’च्या बाबतीत मागणीच एवढी उसळली की प्रती काढण्यासाठी मूळ निगेटिव्ह पुन्हा पुन्हा यंत्रावर चढली. प्रत्येक फेरीत थोडी झीज. ओरखडे पडले, तुकडे फाटले, कडेची दातेरी भोकं फाटली, चिकटवलेले सांधे सुटले. काही जागी मूळ तुकडा इतका खराब झाला की तो काढून तिथे कमी प्रतीची नक्कल जोडावी लागली. म्हणजे मूळ निगेटिव्ह असं ज्याला म्हणतात त्यातही सगळं मूळ नव्हतं. हा चित्रपट दुर्लक्षामुळे खराब झाला नाही. ज्यांना तो पाहायचा होता त्यांची संख्याच इतकी मोठी होती.

दुसरी गोष्ट विलिसच्या पद्धतीची. त्याने निगेटिव्हवर मुद्दामच कमी प्रकाश घेतला होता. अशी निगेटिव्ह पातळ असते. तिच्या काळ्या भागांत लपलेले तपशील नसतात, ते कधी नोंदलेच गेलेले नसतात. म्हणून ‘सावल्या जरा उचला’ अशी सूचना इथे कामाची नाही. सावली उचलली की खालून करडा गाळ आणि ग्रेन, म्हणजे फिल्मचा दाणेदारपणा, वर येतं, दुसरं काही नाही. विलिसने लॅबच्या हातात फार वाव ठेवला नव्हता असं म्हणतात, आणि मला त्यात त्याची दूरदृष्टी दिसते. पन्नास वर्षांनंतर कोणीतरी बटण फिरवायला बसणार हे जणू त्याने धरूनच ठेवलं होतं.

१३ जानेवारी

कालच्याला पुरवणी, रंगांबद्दल.

१९७२च्या प्रती टेक्निकलरच्या डाय-ट्रान्सफर पद्धतीने निघाल्या. निगेटिव्हवरून तीन वेगळ्या मॅट्रिक्स पट्ट्या करायच्या, एक पिवळ्या रंगाची, एक मॅजेंटाची, एक निळसर सायनची, आणि कोऱ्या फिल्मवर हे तीन रंग एकामागून एक उठवायचे. पद्धत खर्चिक, पण रंग टिकाऊ. नेहमीच्या रंगीत प्रतींतला सायन काही वर्षांत उडतो आणि चित्र लालसर-गुलाबी होऊन बसतं. डाय-ट्रान्सफर प्रत दशकांनंतरही पहिल्यासारखी राहते. १९७४च्या दुसऱ्या भागानंतर हॉलिवूडमधली ही सोय बंदच झाली.

आमच्या विषयाशी याचा संबंध सरळ आहे. निगेटिव्ह खराब झाली तरी चित्रपट कसा दिसायला हवा होता याचा रंगीत पुरावा प्रतींच्या रूपाने शिल्लक राहिला. पुढे रिस्टोरेशन (खराब चित्रपट पूर्ववत करण्याचं काम) करणाऱ्यांना मोजपट्टी मिळाली ती त्यामुळे.

१६ जानेवारी

डिस्कच्या आधीची रूपं. थोडक्यात.

१९७७च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीने पहिले दोन भाग कालक्रमाने जोडून, वगळलेली दृश्यं घालून, चार रात्री दाखवले. कपोलाला तेव्हा दुसऱ्या एका अवाढव्य चित्रपटासाठी पैसा उभा करायचा होता. १९८१मध्ये याच कल्पनेची घरगुती व्हिडिओ आवृत्ती आली, ३८६ मिनिटांची. १९९२मध्ये तिसरा भागही कालक्रमात ओवून व्हीएचएस आणि लेझरडिस्कवर संच निघाला. जादाची दृश्यं पाहायला मिळाली हा फायदा. पण दुसऱ्या भागाची सगळी रचना बाप आणि मुलगा यांचे काळ समोरासमोर ठेवण्यावर उभी आहे. ती सुटी करून सरळ रेषेत मांडली की गोष्ट समजायला सोपी होते आणि चित्रपट मोडतो.

व्हीएचएसबद्दल एकच वाक्य पुरे : आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा, त्यामुळे डॉनची खोली त्यात काळी-तपकिरी डागाळलेली दिसायची आणि एका पिढीने विलिसचं काम तसंच पाहिलं.

२० जानेवारी

खोलीची तयारी. पडदे बंद, भिंती करड्या, समोर ओलेड टीव्ही, ज्याचं काळं पूर्ण काळं असतं. प्रात्यक्षिकातही हाच टीव्ही राहील. टीव्हीतली मोशन स्मूदिंग, नॉइज रिडक्शन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट ही चित्र बदलणारी सगळी सोंगं बंद केली. फिल्ममेकर मोड लावला. तो बहुतेक गोष्टी आपोआप बंद करतो, तरी एकेक तपासून पाहिली. डीव्हीडी आणि ब्लू-रेसाठी उजेड १०० निटच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचं एकक) आसपास मोजून लावला, पांढऱ्याचा रंग डी६५ या व्हिडिओच्या मानकावर आणला.

पुस्तिकेत हे पान सुरुवातीलाच घालावं असं सहकारी म्हणते आणि ते बरोबर आहे. चकचकीत दुकानी सेटिंगवर हा चित्रपट कुठल्याही डिस्कवरून पाहिला तरी फरक शोधण्यात अर्थ नाही. लोक डिस्कला नावं ठेवतात आणि दोष टीव्हीचा असतो.

कसोटीची दृश्यं ठरली : बोनासेरा आणि लग्न, रुग्णालयाचा रिकामा कॉरिडॉर, रेस्टॉरंटमधला गोळीबार, सिसिली, बाप्तिस्म्याचा प्रसंग, आणि शेवटचं दार.

२३ जानेवारी

२००१ची डीव्हीडी.

त्या वेळी या संचाचं केवढं कौतुक झालं होतं! पहिल्यांदाच तिन्ही भाग डीव्हीडीवर एकत्र आले आणि कपोलाचं निवेदन मिळालं. ते निवेदन आजही ऐकण्यासारखं आहे, चित्रीकरणाच्या काळात आपण नोकरीतून काढले जाऊ ही त्याची धास्ती त्यातून पुरेपूर पोचते.

चित्र मात्र दुबळं. १७५ मिनिटांचा चित्रपट एकाच डिस्कवर दाबून बसवलाय. ४८० रेषांत खोलीतला काळोख टिकत नाही, सावल्यांत चौकोनी तुकडे उठतात. धूळ, ओरखडे, मध्येच लख्खकन चमकून जाणारे पांढरे ठिपके. लग्नातले रंग थकलेले. रुग्णालयातल्या कॉरिडॉरचा हिरवटपणा जवळजवळ नाहीसा झालाय, आणि तो हिरवटपणा गेला की त्या जागेतली भीतीही कमी होते. या डिस्कवर मूळ इंग्रजी मोनो (एकाच वाहिनीचा) ध्वनीही नाही, फक्त नंतर बनवलेला ५.१, म्हणजे खोलीभर पसरणारा सहा वाहिन्यांचा.

तरीही एक गोष्ट तिच्या बाजूने लिहायला हवी. चित्र जबरदस्तीने उजळ करण्याचा मोह इथे टाळलाय. काळोख घाणेरडा आहे, पण काळोखच आहे.

२७ जानेवारी

२००८. यावर पूर्ण दिवस दिला.

या आवृत्तीची जन्मकथा सभासदांना सांगायलाच हवी. २००६च्या सुमाराला ‘गॉडफादर’च्या स्टुडिओने, पॅरामाउंटने, ड्रीमवर्क्स ही चित्रपट कंपनी विकत घेतली आणि स्टीव्हन स्पीलबर्ग त्या घरात आला. कपोलाने त्याला पत्र लिहिलं, स्पीलबर्गने स्टुडिओच्या प्रमुखापाशी शब्द टाकला, आणि रिस्टोरेशनला पैसा मंजूर झाला. काम रॉबर्ट हॅरिसकडे आलं. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ आणि ‘व्हर्टिगो’ वाचवणारा हा माणूस. प्रत्यक्ष स्कॅनिंग आणि दुरुस्ती झाली ती वॉर्नर ब्रदर्सच्या इमेजिंग विभागात. एका स्टुडिओचा मानबिंदू दुसऱ्या स्टुडिओच्या कारखान्यात दुरुस्त झाला, ही मला फार आवडलेली गोष्ट.

निगेटिव्ह ४के रिझोल्यूशनवर स्कॅन झाली. तिची अवस्था इतकी नाजूक होती की नेहमीच्या यंत्रातून तिला सहज ओढून नेणं शक्यच नव्हतं. जिथे मूळ तुकडा निकामी होता तिथे दुसऱ्या घटकांतून चौकटी आणल्या. रंग जुळवताना जुनी डाय-ट्रान्सफर प्रत समोर ठेवली, आणि मुख्य म्हणजे गॉर्डन विलिसला विचारलं. तो तेव्हा हयात होता. छायालेखक ॲलन डाव्हियोचीही मदत घेतली. रंगांचं काम यान यारब्रोने केलं. ग्रेन पुसून गुळगुळीत करायचं नाही, हा हॅरिसचा आग्रह. तो पाळला गेलाय.

आता पडद्यावरचं. डीव्हीडी काढून ही डिस्क लावली आणि पहिल्या चौकटीतच खोली बदलली. काळं खरोखर काळं झालं, तरी बोनासेराच्या कोटाची कड त्या काळ्यातून सुटी दिसते. कातडीवर पितळी पिवळसर झाक आहे. ही झाक विलिसला हवी होती. जुन्या काळाचा आभास तिच्यातून येतो, आणि त्यानंतरच्या किती गुन्हेपटांनी, ऐतिहासिक चित्रपटांनी ती उचलली याची मोजदाद नाही. बाप्तिस्म्याच्या प्रसंगात चर्चमधला उबदार उजेड आणि बाहेरच्या खुनांचा कोरडा दिवस यांतला फरक पहिल्यांदा नीट दिसला.

सहकाऱ्याचा आक्षेप लग्नाच्या बागेवर आहे. तिच्या मते ऊन जळलंय, पांढऱ्या कपड्यांत काही उरलेलं नाही, सगळा भाग पिवळ्यात बुडालाय. मी तो प्रसंग पुन्हा पाहिला. तिचं म्हणणं खोटं नाही. पण विलिसला बाग डोळे दिपवणारीच हवी होती, काळोख्या खोलीला तोडीस तोड. ती किती दिपवावी यावर वाद होऊ शकतो. पुस्तिकेत दोन्ही मतं द्यायचं ठरलं, कोणाचंही मिळमिळीत न करता.

२ फेब्रुवारी

पिवळ्याचा वाद संपत नाही म्हणून एक टिपण वेगळं लिहिलं.

डाय-ट्रान्सफर प्रत हा पुरावा असला तरी तो वाचण्याची रीत आहे. प्रतीचा रंग तिच्यामागे कोणता दिवा आहे यावर अवलंबून असतो. १९७२मध्ये अनेक थिएटरांत कार्बन आर्क होते, आज झेनॉन किंवा लेझर. शिवाय थिएटरचा पडदा किती उजळतो? मानकाप्रमाणे साधारण ४८ निट. घरातला साधा टीव्हीही याच्या दुप्पट-चौपट उजेड सहज फेकतो. थिएटरमध्ये फिल्मचं काळं कधीच पूर्ण काळं नसतं, थोडा उजेड गळतोच. ओलेडवर ते शून्य होतं. म्हणजे ‘अगदी १९७२सारखं’ हे घरात तंतोतंत घडवणं शक्य नाही. घडवता येतं ते नातं. कुठला भाग कुठल्यापेक्षा किती गडद, कातडीचा रंग भिंतीच्या रंगाशी कसा बसतो, हे प्रमाण राखलं की चित्रपट तोच राहतो. हॅरिस आणि विलिसने तेच राखलं असं मला वाटतं.

५ फेब्रुवारी

ध्वनी. हा भाग सहकाऱ्याने सांभाळला, मी शेजारी बसून ऐकला.

‘गॉडफादर’ १९७२मध्ये मोनो होता. समोरच्या एकाच वाहिनीतून सगळं : संवाद, नीनो रोटाचं संगीत, पिस्तुलं. २००८च्या ब्लू-रेवर ५.१सोबत मूळ मोनोही परत आला, ही त्या आवृत्तीची मोठी पुण्याई. ५.१ डॉल्बी ट्रूएचडीत, काहीही न गमावता आहे आणि मोनो दाबलेल्या डॉल्बी डिजिटलमध्ये, हा भेद मात्र खटकतो. मूळ रूपाला दुय्यम जागा का द्यावी?

कसोटी रेस्टॉरंटच्या दृश्याची. डॉनचा मुलगा मायकेल स्वच्छतागृहातून पिस्तूल घेऊन परततो, समोर कुटुंबाचा शत्रू सोलोत्झो बोलतोय, आणि आपल्याला त्याचे शब्द नीट ऐकूच येत नाहीत, कारण वरून जाणाऱ्या एलिव्हेटेड रेल्वेची चाकं किंचाळत आहेत. गाडी दिसत नाही. ध्वनीचं काम पाहणाऱ्या वॉल्टर मर्चने हा आवाज मायकेलच्या डोक्यात चाललेल्या घालमेलीसाठी वापरलाय. न्यूयॉर्कमध्ये अशी गाडी जवळून जाते म्हणून प्रेक्षक तो निमूट स्वीकारतो. संगीत तेव्हा नाहीच. गोळ्या झाडून होतात, मायकेल पिस्तूल हातातून टाकतो, मगच रोटाचं संगीत येतं.

५.१मध्ये रेल्वेला खोलीभर पसरायला जागा मिळते आणि परिणाम दांडगा आहे. मोनोत तीच किंचाळी सोलोत्झोच्या आवाजाच्या जागीच, त्याच्यावर चढून येते. दोन्ही आवाज एकाच अरुंद दारातून आत घुसू पाहतात. आम्हा दोघांनाही मोनो जास्त भिडला. प्रात्यक्षिकात आधी मोनो लावायचा.

१० फेब्रुवारी

२०२२ची ४के. चित्रपटाच्या पन्नाशीनिमित्त आलेली, २२ मार्चला बाजारात. त्याआधी फेब्रुवारीत काही थिएटरांत.

कामाचा आकार पॅरामाउंटने जाहीर केलेल्या आकड्यांवरून कळतो. तिन्ही भागांसाठी फिल्मची ३००हून अधिक खोकी तपासली, डाग, फाटलेल्या जागा आणि इतर दोष दुरुस्त करायला ४,०००हून अधिक तास, रंगांवर १,०००हून अधिक तास. देखरेख पॅरामाउंटच्या आर्काइव्हकडून अँड्रिया कालास आणि कपोलाच्या अमेरिकन झोइट्रोप कंपनीकडून जेम्स मोकोस्की यांची. २००८ला ज्या जागी दुय्यम नकला वापराव्या लागल्या त्यांपैकी काहींसाठी आता जास्त चांगले तुकडे शोधून काढले. हा फरक पडद्यावर जाणवतो. आधीच्या डिस्कवर काही शॉट अचानक मऊ व्हायचे, आता ते शेजारच्या शॉटांशी जुळतात.

कठीण भाग हा की विलिस २०१४मध्ये गेला. २००८ला शंका आली की त्याला विचारता येत होतं. या वेळी त्याने मान्य केलेलं २००८चं काम समोर होतं, कपोला होता, पण स्वतः विलिस नव्हता. आणि हातात एचडीआर नावाचं, चित्रातल्या उजेडाचा पल्ला वाढवणारं, फार ताकदवान हत्यार होतं. साध्या व्हिडिओत पांढरं १०० निटच्या हिशेबाने बेतलेलं असतं. एचडीआरमध्ये ते १,००० किंवा त्याहूनही वर नेता येतं. डॉनच्या टेबलावरच्या दिव्याला कोणी १,००० निट दिले असते तर डोळा त्या दिव्यावरच खिळला असता आणि चेहरे बुडाले असते. १९७२च्या कुठल्याही थिएटरात तो दिवा तसा जळला नव्हता.

भीती होती ती खरी ठरली नाही. एचडीआर फार संयमाने वापरलाय. दिवे दिव्यांसारखे आहेत, भाल्यासारखे टोचत नाहीत. वाढीव अवकाश बहुतेक बागेसाठी खर्च केलाय. आमच्या पडद्यावर वधूच्या पोशाखातली घडी, शर्टांचे पांढरे रंग, पानांतून येणारं ऊन सुटं दिसू लागलं, तरी बाग प्रखरच राहिली. सहकाऱ्याचा आक्षेप या आवृत्तीने बराच मिटवला. पिवळी झाकही उतरलीय. कातडी जास्त नैसर्गिक, हिरवा जास्त हिरवा. सिसिलीतल्या टेकड्या मी इतक्या मोकळ्या कधी पाहिल्या नव्हत्या.

काही हरवलं का? माझ्या मते थोडंसं. डॉनच्या खोलीतला पितळी ऊबदारपणा २००८मध्ये जास्त दाट होता आणि मला तो हवा होता. २००८च्या रंगांवर विलिसचा प्रत्यक्ष हात आहे, २०२२च्या रंगांवर त्याची स्मृती आहे. तपशिलाच्या बाजूने २०२२ निःसंशय पुढे. काळोखाच्या कसोटीवर दोन्ही उतरतात. खोली खोलीच राहिलीय, कोणी खिडकी उघडलेली नाही.

१२ फेब्रुवारी

तीन आवृत्त्यांची चित्रं शेजारी-शेजारी छापायची होती. बेत सोडला.

डीव्हीडी आणि ब्लू-रेची चौकट उचलून छापता येते. एचडीआरची चौकट साध्या चित्रात उतरवताना संगणक स्वतःच ठरवतो की उजेड कुठे कापायचा आणि किती दाबायचा. दोन प्रोग्रॅम, दोन वेगळी उत्तरं. एकात डॉनची खोली राखाडी, दुसऱ्यात काळीकुट्ट, आणि डिस्क तीच! इंटरनेटवर ‘रंग बिघडवले’ म्हणून फिरणारी बरीच तुलना-चित्रं अशाच रूपांतरातून आलेली असतात. कागदावर छापून आम्ही त्यात भर घालणार नाही. पुस्तिकेत शब्दांत वर्णन, आणि फरक दाखवायचा तो प्रत्यक्ष पडद्यावर.

१७ फेब्रुवारी

स्ट्रीमिंग करावं की डिस्क घ्यावी, हा प्रश्न सभासद विचारणारच. याच चित्रपटापुरतं उत्तर सोपं आहे. ४के स्ट्रीमिंगला सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिट मिळतात, ४के डिस्कवर ही मर्यादा १०० मेगाबिटच्याही वर जाऊ शकते. उजेडातल्या दृश्यांत फरक शोधावा लागतो. पण कमी डेटा मिळाला की डेटा आकसण्याचं तंत्र (कॉम्प्रेशन) आधी बळी देतं ते गडद भागांतल्या बारीक छटांना आणि ग्रेनला, आणि इथे चित्रपटच तिथे राहतो. शेवटच्या शॉटमध्ये दार लोटलं जातं तेव्हा कॉरिडॉरच्या भिंतीवरच्या छटा डिस्कवर सलग उतरतात, स्ट्रीमिंगवर आम्हाला त्यांचे पट्टे दिसले.

२१ फेब्रुवारी

तिसऱ्या भागाचं काय करायचं यावर बैठक.

तो १९९०चा, छायालेखन पुन्हा विलिसचंच. त्याची अडचण निगेटिव्हची नाही, संकलनाची आहे. २०२०मध्ये कपोलाने तो नव्याने बांधला, त्याला आणि लेखक मारियो पुझोला मुळात हवं होतं ते ‘मायकेल कॉर्लिओनीचा मृत्यू’ या अर्थाचं नाव दिलं, सुरुवात बदलली, शेवट आखडला. लांबी १५८ मिनिटांच्या आसपास. २०२२च्या संचात हे रूप मुख्य म्हणून आहे आणि जुनी रूपंही सोबत दिलीत. ही पद्धत मला पटते. दिग्दर्शकाला स्वतःचं काम बदलायचा हक्क आहे, आणि लोकांनी जे पाहिलं होतं ते त्यांना मिळत राहण्याचाही. बदललेलं रूप देऊन जुनं बाजारातून नाहीसं करणं ही खरी हानी, ती इथे झालेली नाही.

प्रात्यक्षिकातून तिसरा भाग वगळला. वेगळा विषय आहे, त्याला वेगळी संध्याकाळ हवी. पुस्तिकेत दीड पान.

२६ फेब्रुवारी

पुस्तिकेचा मजकूर पक्का. प्रात्यक्षिकाचा क्रमही ठरला.

आधी २००१ची खोली आणि बाग, सलग. त्यावर काही न बोलता लगेच २००८ची तीच खोली आणि बाग. मग निगेटिव्हची हकीकत, हॅरिस, विलिस. त्यानंतर २०२२. मतं मध्ये मागायची नाहीत, तिन्ही पाहून झाल्यावर मागायची. पिवळी झाक हवी की नको यावर सभासदांत फूट पडेल आणि पडू द्यायची. माझं मत मी सगळ्यांच्या शेवटी सांगणार.

रेस्टॉरंटचं दृश्य आधी मोनोत, नंतर ५.१मध्ये. बाप्तिस्म्याचा प्रसंग फक्त २०२२मधून, पूर्ण. त्यातले कट ऑर्गनच्या चढत्या सुरावर बसवलेत, मध्ये थांबवून समजावण्यासारखं ते नाही.

सूचना दाराशी लावायच्या आहेत : मोबाइलच्या पडद्याचा उजेडही खोलीत नको, कार्यक्रम सुरू होण्याआधी पाच मिनिटं दिवे घालवायचे म्हणजे डोळे सरावतात, उशिरा येणाऱ्यांना पहिल्या मध्यंतरापर्यंत आत घ्यायचं नाही. मजकूर उद्या छपाईला जाईल. दुसऱ्या भागाचं काम मार्चमध्ये सुरू करू. त्याच्या डिस्क मागवून ठेवल्यात.